‘मेडिकल कुठे टाकलंय?’ : हॉस्पिटलातल्या क्लिनिकल फार्मासिस्टचं काम

खलबत्ता | गुरुवार, रात्री १०:४०

परवा एका साखरपुड्यात काकूंनी ओळख करून दिली, "ही आमची फार्मसीवाली." समोरच्या गृहस्थांनी लगेच विचारलं, "हो का? मेडिकल कुठे टाकलंय?" मी म्हटलं, हॉस्पिटलात असते. "म्हणजे तिथल्या मेडिकलमध्ये!" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. अकरा वर्षं झाली या कामात, तरी दोन वाक्यांत सांगता येत नाही. म्हणून हा धागा.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर नातेवाईक टोकन घेऊन उभे असतात ते मेडिकल वेगळं. तिथल्या लोकांचं काम मी हलकं समजत नाही, मीही तिथे उभी राहिलेली आहे. आता मी वॉर्डात असते. माझ्याकडे काउंटर नाही, गल्ला नाही, गोळ्यांचं कपाट नाही. सकाळी साडेआठला आयसीयू आणि मेडिसिनच्या दोन वॉर्डांचे ड्रग चार्ट घेऊन बसायचं, प्रत्येक पेशंटची औषधं एकेक करून वाचायची, लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवायचे, आणि डॉक्टरांचा राउंड सुरू झाला की मागून चालायचं. खटकेल ते बोलायचं. ऑर्डर बदलायचा अधिकार मला नाही. बदलायला लावणं हेच काम.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, पायाच्या शिरेत गुठळी झाली म्हणून ॲडमिट. रक्त पातळ करायला एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं, ६० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठी बघतात ती रक्ततपासणी, १.१. रिपोर्टमध्ये त्यापुढे बाण नाही, तांबडी अक्षरं नाहीत. सगळं ‘नॉर्मल’.

पण मी बेडपाशी गेले तर चादरीखाली माणूस आहे की नाही कळेना, इतक्या त्या बारीक. फाइलमध्ये वजन ६० किलो. कोणी केलं? कोणीच नाही, कॅज्युअल्टीत अंदाजाने लिहिलेलं. सिस्टर आणि मावशींनी मिळून आजींना खुर्चीच्या काट्यावर बसवलं. ४२ किलो.

आता हिशेब बघा. किडनी किती काम करते याचं एक जुनं सूत्र आहे, कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट. १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचं. बाई असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचं. आजींचं उत्तर आलं मिनिटाला २८ मिलिलिटर. तीसच्या खाली गेलं की हे इंजेक्शन दोनदाचं एकदा करायचं असतं. डोस वजनावर, किलोला १ मिलिग्रॅम. म्हणजे आजींना दिवसाला ४० मिलिग्रॅम हवं होतं आणि चार्टवर होतं १२०. तिप्पट. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. अंगावर मांसच उरलं नसेल तर किडनी अर्धी दमलेली असली तरी तो आकडा साळसूद दिसतो.

मी रेसिडेंटला कागद दाखवला. पोरगा छत्तीस तास जागा होता. त्याने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा आजींकडे, आणि म्हणाला, "मॅडम, वजन मीच लिहिलं होतं." दुपारपर्यंत ऑर्डर बदलली. आजी नवव्या दिवशी घरी गेल्या. त्यांच्या मुलाला यातलं काही माहीत नाही आणि बिलात याची ओळही नाही.

भारतात यासाठी फार्म.डी. हा कोर्स २००८ साली आला. बारावीनंतर सहा वर्षं, त्यातलं शेवटचं पूर्ण वर्ष हॉस्पिटलात इंटर्नशिप. बी.फार्म. झालेल्यांना तीन वर्षांत करता येतो. त्याआधीपासून एम.फार्म.मध्ये फार्मसी प्रॅक्टिस हा विषय होताच. तिकडे अमेरिकेत हे प्रकरण बरंच जुनं. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॉस्पिटलात फार्मासिस्टना तळघरातून उचलून नवव्या मजल्यावर, वॉर्डाच्या शेजारी बसवलं, तिथून याची सुरुवात धरतात.

विचारा काय विचारायचं ते. वेळ मिळेल तशी उत्तरं देईन.

---

ताकभात | गुरुवार, रात्री ११:२५

मस्त धागा. वजनाचा किस्सा वाचून अंगावर काटा आला.

एक भाबडा प्रश्न, राग मानू नका. हे सगळं डॉक्टरांना माहीत नसतं का? त्यांनी एवढं शिकून पुन्हा त्यांच्यावर कोणी लक्ष ठेवायचं म्हणजे जरा…

---

खलबत्ता | शुक्रवार, सकाळी ७:०५

राग कसला, हाच प्रश्न सगळे विचारतात.

माहीत असतं. पण आयसीयूतल्या एका पेशंटला एका वेळी पंधरा-वीस औषधं चालू असतात, आणि ती पाच जणांनी लिहिलेली असतात. छातीचे डॉक्टर फुप्फुसाचं बघतात, न्यूरोवाले मेंदूचं, किडनीवाले किडनीचं. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर असतं. एकत्र केलं की बिघडतं.

आमच्याकडचा नेहमीचा नमुना सांगते. फिट्सचा पेशंट, बरीच वर्षं व्हॅलप्रोएटवर, फिट्स बंद. न्यूमोनियाने ॲडमिट झाला, साध्या अँटिबायोटिकने उतार नाही, म्हणून मेरोपेनेम सुरू केलं. निर्णय योग्य. पण मेरोपेनेम आलं की रक्तातलं व्हॅलप्रोएट एका दिवसातच कोसळतं. डोस वाढवूनही भरून निघत नाही. ताप उतरतो आणि फिट्स सुरू होतात, मग सगळे मेंदूत काय झालं ते शोधायला सीटी स्कॅनला धावतात. उपाय म्हणजे अँटिबायोटिक बदलणं, किंवा तेवढ्या दिवसांसाठी लेव्हेटिरासिटामसारखं फिट्सचं दुसरं औषध जोडणं. ही जोडी मी चार्टवर बघितली की चहा तसाच ठेवून उठते.

---

आडवळणी डॉक्टर | शुक्रवार, दुपारी २:५०

मी फिजिशियन आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

पहिल्यांदा आमच्या हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्ट आले तेव्हा मला त्यांचा वैताग आला होता, आणि त्याला कारण होतं. कॉम्प्युटरवर दोन औषधांची नावं टाकायची, लाल खूण आली की कागद छापून फाइलला लावायचा. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र दिल्याने रक्तस्राव होऊ शकतो! अहो, कालच स्टेंट टाकलाय, मुद्दाम दिलंय. दिवसाला असे दहा कागद आले की अकरावा खरोखर महत्त्वाचा असला तरी न वाचता सही होते. लांडगा आला रे आला.

मत बदललं ते एका मुलीमुळे. तिने कागद लावणं बंद केलं आणि बोलायला लागली. दिवसातून एक किंवा दोन गोष्टी, पण नेमक्या. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची रक्तातली पातळी भलतीच जास्त आली होती, आम्ही डोस थांबवायला निघालो होतो. ती म्हणाली, "सर, ब्लड कुठून घेतलंय ते विचारू का?" ज्या लाइनमधून औषध चालू होतं त्याच लाइनमधून सॅम्पल घेतलेलं निघालं. दुसऱ्या हातातून पुन्हा घेतलं, पातळी व्यवस्थित. डोस थांबवला असता तर सेप्सिसचा पेशंट दोन दिवस विनाऔषध राहिला असता.

तेव्हा खलबत्ता, तुमच्या नव्या पोरांना ॲपमधल्या लाल खुणांपलीकडे बघायला शिकवा. पेशंट न बघता काढलेली चूक आम्हाला चालत नाही, आणि चालूही नये.

---

खलबत्ता | शुक्रवार, रात्री ९:१५

@आडवळणी डॉक्टर, शंभर टक्के मान्य. मीही पहिल्या वर्षी असे कागद लावलेत. एका सरांनी माझ्यासमोर कागदाचं विमान केलं होतं. उडालंही छान.

आता मी इंटर्नना सांगते, बेडपाशी जाऊन आल्याशिवाय मला काही सांगायचं नाही. आणि सांगताना ‘हे चुकलंय’ पाशी थांबायचं नाही, त्याऐवजी काय द्यायचं, किती, किती वाजता, तेही बरोबर घेऊन यायचं.

---

रातपाळी | शनिवार, पहाटे ४:१०

स्टाफ नर्स आहे, ड्यूटीवरूनच लिहितेय, चुका माफ करा.

आमच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट मॅडम आल्यापासून आम्हाला सगळ्यात जास्त फरक पडला, डॉक्टरांना कमी. औषध शेवटी आमच्या हातून जातं ना. आधी रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) द्यायच्या सगळ्या गोळ्या आम्ही खलात एकत्र कुटायचो, पाणी घालायचो, सोडायचो. मॅडमनी ट्रॉलीवर यादी चिकटवली, कोणत्या कुटायच्या नाहीत त्याची. चोवीस तास हळूहळू सुटणारी बीपीची गोळी कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं आणि बीपी धाडकन खाली. आम्ही म्हणायचो पेशंट क्रिटिकल आहे म्हणून होतंय. फिट्सचं फेनिटोइन ट्यूबमधून द्यायचं तर आधी आणि नंतर फीड थांबवायचं, नाहीतर ते अंगी लागत नाही, हेही तेव्हाच कळलं.

दुसरं इन्सुलिन. आपल्याकडे मिलीला ४० युनिटची पण व्हायल येते आणि १०० ची पण. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. घाईत १०० च्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं तर आत जातात ५० युनिट. आमच्याकडे असं एकदा झालंय. पेशंट वाचला, पण त्या सिस्टरची झोप उडाली ती कायमची. मॅडमनी नंतर वॉर्डात एकाच ताकदीची व्हायल ठेवायला लावली आणि दुसरी स्टोअरमधूनच बंद केली. पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्यूल पण वॉर्डातून उचलले, आता आयसीयूत कुलपात असतात. सलाइनच्या कपाटात डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी राहायचे ते आधी, दिसायला सारखेच.

तक्रार एकच. मॅडम पाच वाजता घरी जातात, आणि चुका व्हायची वेळ तर आत्ताची.

---

ताकभात | शनिवार, सकाळी ९:००

रातपाळी, तुमच्या शेवटच्या ओळीसाठी +१.

खलबत्ता, डॉक्टरांत जसे हृदयाचे वेगळे, हाडांचे वेगळे, तसं तुमच्यात असतं का?

---

खलबत्ता | शनिवार, दुपारी १:३०

असतं, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कामावरून ठरतं, पदवीवरून नाही. आयसीयूत दहा वर्षं काढली की आयसीयूवाली. अमेरिकेत त्यासाठी स्वतंत्र मंडळ आहे, १९७६ पासून. गंमत म्हणजे त्यांनी सगळ्यात आधी, १९७८ मध्ये, मान्यता दिली ती न्यूक्लिअर फार्मसीला, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करणाऱ्यांना. कॅन्सर, आयसीयू, लहान मुलं, अवयव प्रत्यारोपण, मानसोपचार, शिरेतून दिलं जाणारं पोषण, संसर्गजन्य आजार हे सगळे नंतरचे.

माझं स्वतःचं निम्मं काम आता अँटिबायोटिकचं आहे. सुरू करताना हात आखडू नये हे ठीक, पण अट्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी कल्चर, म्हणजे जंतू कोणता ते सांगणारा रिपोर्ट, आलं की पुन्हा बसून विचारायचं: हेच हवंय का, साधं चालेल का, शिरेतून द्यायची गरज आहे का? लिनेझोलिडसारखं औषध तोंडातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं. पेशंट जेवतोय, उलटी नाही, तर शिरेतून कशाला? गोळी दिली की हातातली सुई निघते आणि सुईतून येणारं इन्फेक्शनही टळतं. सगळ्यात घोळ कॉलिस्टिनचा. कोणी मिलियन युनिटमध्ये लिहितं, कोणी मिलिग्रॅममध्ये, आणि मिलिग्रॅमही दोन प्रकारचे. १ मिलियन युनिट म्हणजे एका हिशेबाने साधारण ८० मिलिग्रॅम आणि दुसऱ्या हिशेबाने साधारण ३३. नुसतं ‘मिलिग्रॅम’ लिहिलेली ऑर्डर मी पुढे जाऊ देत नाही. फोन करून विचारते, दादा, कोणते मिलिग्रॅम?

लहान मुलांच्या वॉर्डातली माझी मैत्रीण तर दशांशचिन्हाशी भांडते. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, आणि साध्या सिरपच्या ५ मिलीत १२०. घरी ड्रॉप्स संपले म्हणून सिरप आणलं, किंवा उलट, आणि माप तेच ठेवलं की झालं. दहा किलोच्या बाळाला दीड मिली ड्रॉप्स पुरतात. सिरपच्या सवयीने पाच मिली ड्रॉप्स पाजणारे आईबाप तिने बघितलेत.

कॅन्सरचं मी लिहीत नाही, इथे एक जण त्यातलेच आहेत. @बर्फाची पेटी, कुठे आहात?

---

बर्फाची पेटी | शनिवार, रात्री ११:५०

हाक मारल्याबद्दल आभारी आहे. डे-केअरमध्ये केमो तयार करतो, नऊ वर्षं.

आमच्या खोलीबाहेर रोज एक भांडण ठरलेलं. "सकाळी आठला आलोय, अकरा वाजले, बाटली अजून आली नाही." नातेवाइकांचं चुकत नाही. पण आत काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. सकाळचा रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय मी व्हायल फोडत नाही. पांढऱ्या पेशी कमी असतील तर आज केमो नाही, आणि एकदा विरघळवलेलं औषध वाया. मग उंची-वजनावरून डोस मी काढतो, दुसरा फार्मासिस्ट माझा कागद न बघता काढतो. दोन्ही जुळले तर पुढे. मागच्या वेळेपेक्षा वजन बरंच उतरलं असेल तर डॉक्टरांना फोन. मग दोन-दोन ग्लोव्ह्ज, गाउन, आणि काचेच्या कॅबिनेटमध्ये हात घालून काम. ऑक्झॅलिप्लॅटिन सलाइनमध्ये कधीही मिसळायचं नाही, डेक्स्ट्रोजमध्येच. शेजारच्या औषधाचं नेमकं उलटं असू शकतं.

एकच गोष्ट सांगतो जी मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. व्हिन्क्रिस्टिन. ते शिरेतच जायला हवं. ब्लड कॅन्सरच्या काही पेशंटना त्याच काळात पाठीच्या मणक्यातूनही दुसरं औषध देतात, तेही सिरिंजमध्ये. दोन सिरिंजांची अदलाबदल होऊन व्हिन्क्रिस्टिन मणक्यात गेलं तर माणूस जवळपास नक्की जातो, आणि फार वाईट जातो. जगभरात असं झालेलं आहे. म्हणून आम्ही ते सिरिंजमध्ये भरतच नाही, ५० मिलीच्या छोट्या सलाइनच्या पिशवीत देतो. पिशवी मणक्याला लावायला कोणी जाणार नाही. लाल लेबल, सूचना, ट्रेनिंग यांपेक्षा त्या पिशवीवर माझा जास्त भरवसा आहे.

---

साखरपाणी | रविवार, सकाळी १०:२०

माझ्या नवऱ्याची किडनी बदलून चार वर्षं झाली. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तिथल्या फार्मासिस्ट बाईंनी आम्हा दोघांना पाऊण तास बसवलं होतं. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी, रोज ठरल्या वेळी, आणि पातळी तपासायची त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. त्या म्हणाल्या, पपनस खायचं नाही. मी हसले. म्हटलं, पपनस कोण खातं हो आता?

भाद्रपदात गणपतीपुढच्या पाच फळांत पपनस होतंच. विसर्जनानंतर सासूबाईंनी सोलून सगळ्यांना फोडी वाटल्या, यांनाही. प्रसाद आहे, नाही कसं म्हणायचं. मला आठवलं तेव्हा यांच्या तोंडात दुसरी फोड होती. रविवार असूनही त्या बाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, किती खाल्लं, किती वाजता, हाताला कंप वगैरे आहे का. म्हणाल्या, गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी मी बोलते, उद्या सकाळी पातळी करा. थोडी वाढलेली निघाली, निभावलं. आता आमच्या गणपतीपुढे पपनसाच्या जागी मोठा पेरू असतो. सासूबाईंनी गुरुजींना विचारून घेतलं.

---

खलबत्ता | रविवार, दुपारी १२:१०

पेरू! 😀

पपनस आणि परदेशातलं ग्रेपफ्रूट एकाच घरातले. आतड्याच्या अस्तरात औषध फोडणारं एक एन्झाइम असतं, ही फळं ते बंद पाडतात. मग नेहमीच्याच गोळीतलं जास्त औषध रक्तात पोचतं. काही बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनाही हे लागू आहे. उलटा प्रकार टीबीच्या रिफाम्पिसिनचा. ते इतर औषधं इतक्या वेगाने संपवतं की टॅक्रोलिमस, रक्त पातळ करायची गोळी, गर्भनिरोधक गोळी, सगळ्यांचं पाणी होतं. आपल्याकडे टीबी इतका आहे की हे रोजच लागतं.

---

लेस्टरची थंडी | रविवार, संध्याकाळी ७:४५

मी मूळची सांगलीची, इथे इंग्लंडमध्ये सरकारी हॉस्पिटलात वॉर्ड फार्मासिस्ट. बी.फार्म. तिकडचं, मग इथला वर्षाचा कोर्स आणि वर्षाचं ट्रेनिंग.

इथे पेशंट आला की चोवीस तासांच्या आत तो घरी काय काय घेत होता याची खात्रीशीर यादी करायची असते. ऐकायला सोपं वाटतं. म्हातारी माणसं पिशवी उलटी करतात, त्यातून गेल्या तीन ख्रिसमसच्या गोळ्या निघतात. इथले जुने वॉर्ड फार्मासिस्ट चार्टवर हिरव्या शाईने लिहायचे, म्हणजे कोणी काय लिहिलं ते लगेच कळावं. आता सगळं स्क्रीनवर आलंय, तरी माझ्या खिशात हिरवं पेन असतं.

मोठा फरक म्हणजे औषध लिहून द्यायचा अधिकार. २००६ पासून इथे जादा प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टना स्वतःच्या सहीने औषध लिहिता येतं. २०२६ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सगळ्यांनाच ते येईल. मी रक्त पातळ करायच्या औषधांचं क्लिनिक चालवते, डोस मीच बदलते. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "मग डॉक्टर काय करतात?"

---

मिश्रक | रविवार, रात्री १०:०५

सगळं छान आहे. आता जरा जमिनीवर या.

मी ग्रामीण रुग्णालयात औषध निर्माण अधिकारी. डी.फार्म., एकोणीस वर्षं नोकरी. पूर्वी आमच्या पदालाच मिश्रक म्हणायचे, ते नाव मी मुद्दाम घेतलंय. सकाळी ओपीडीच्या खिडकीवर रांग, दुपारी ई-औषधीवर साठा भरायचा, मुदत संपत आलेल्या औषधांचे अहवाल, मध्येच लसीकरण. एका पेशंटला मी किती सेकंद देतो ते विचारू नका. तुमच्या त्या सूत्रात घालायला क्रिएटिनिन लागतं, ते तालुक्याहून दुसऱ्या दिवशी येतं.

तरी एक सांगतो. मागे एक बाई सांधेदुखीच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आल्या, शहरातल्या खासगी डॉक्टरांची. मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. पाकीट रिकामं झालंय, अजून द्या म्हणाल्या. मी मोजलं, पाकीट अडीच महिने पुरायला हवं होतं, दहा दिवसांत संपलेलं. रोज घेत होत्या. तोंड सोलून निघालेलं, बोलता येत नव्हतं नीट. जिल्ह्याला पाठवलं, वाचल्या. वाचता येत होतं त्यांना, पण "आठवड्यातून एकदा" इंग्रजीत लिहिलेलं होतं.

तेव्हापासून त्या गोळीच्या पाकिटावर मी मार्करने वार लिहितो. "फक्त सोमवार." माझ्यासाठी क्लिनिकल फार्मसी एवढीच.

---

आडवळणी डॉक्टर | रविवार, रात्री १०:४०

@मिश्रक, "एवढीच" म्हणू नका. तो वार चिठ्ठीवर आम्हीच लिहायला हवा. उद्यापासून लिहितो.

---

बारावी_सायन्स | सोमवार, दुपारी ४:३०

मला नीटमध्ये कमी मार्क आहेत, एमबीबीएस मिळणार नाही. घरचे म्हणतात फार्म.डी. कर, नावापुढे डॉ. लागतं. करू का?

---

खलबत्ता | सोमवार, रात्री ९:५०

नावापुढच्या दोन अक्षरांसाठी सहा वर्षं घालवणार असशील तर नको. त्यावरून आमच्यातच वाद आहेत. मी हॉस्पिटलात लावत नाही, कारण बेडवरच्या माणसाला त्यावरून चुकीचं वाटू शकतं. पहिल्या नोकरीचा पगार सहा वर्षांच्या फीच्या मानाने दुखतो. माझ्या बॅचमधल्या निम्म्याहून अधिक जणी आज वॉर्डात नाहीत. कोणी औषध कंपन्यांत सेफ्टी डेटा बघतात, कोणी क्लिनिकल ट्रायल्समध्ये, कोणी परदेशी गेल्या. अमेरिकेला जायचं डोक्यात असेल तर तिथल्या परीक्षेला किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, चार वर्षांचं बी.फार्म. चालत नाही, ही एक व्यावहारिक बाब.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. विचार, हॉस्पिटल कुठलं जोडलंय, किती लांब आहे, आणि तिथल्या राउंडला मुलांना खरंच उभं करतात का. नुसती हजेरीची वही सह्या करून परत येणारी कॉलेजं आहेत. आणि एकदा कुठल्याही फार्मासिस्टबरोबर एक दिवस वॉर्डात उभा राहून बघ. पाय दुखले तरी कंटाळा आला नाही, तर कर.

---

ताकभात | मंगळवार, रात्री ८:१५

धागा वाचून आईचा औषधांचा डबा काढला. अकरा प्रकार. तीन डॉक्टर, दोन मेडिकल. खलबत्ता, यातलं काय बघायचं असतं? तुमच्याकडे आणायचं झालं तर काय आणू?

---

खलबत्ता | मंगळवार, रात्री १०:३०

चिठ्ठ्या आणि डबा दोन्ही. होमिओपॅथी, काढे, गुडघ्यांसाठी कोणी शेजारणीने दिलेली पुडी, सगळं. लोक ‘औषधं’ म्हटलं की ते आणत नाहीत. वजन करून आणा. कधी कशाची रिॲक्शन आली होती का तेही लिहा. येऊन गेली असेल तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद सरकारी हेल्पलाइनवर कोणीही करू शकतं, १८००-१८०-३०२४. हा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, पण पेशंटकडून आलेली तक्रार मी क्वचितच बघितली.

आणि आज रात्री एकच करा. प्रत्येक पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचा, पुढचं मोठं ब्रँडचं नाव नाही. त्यात तेच नाव दोनदा येतंय का बघा.

---

ताकभात | मंगळवार, रात्री ११:२०

दोनदा नाही. तीनदा.

पॅन्टोप्राझोल, ॲसिडिटीचं. एक हृदयाच्या डॉक्टरांचं, एक हाडांच्या, तिसरं मागच्या वर्षीच्या डिस्चार्जच्या कागदावरचं. तीन वेगळी नावं, तीन रंग. आई म्हणते, पिवळी जेवणाआधीची, गुलाबी उपाशीपोटीची आणि पांढरी ॲसिडिटीची.

---

खलबत्ता | मंगळवार, रात्री ११:२८

हाडांच्या डॉक्टरांनी वेदनाशामक अजून चालू ठेवलंय का? त्या पाकिटाच्या मागचा फोटो टाका. क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट असेल तर तोही. तोवर कुठलीच गोळी स्वतःहून बंद करू नका, गुरुवारी आईंना घेऊन या. ओपीडीत मी बारानंतर असते.